दोन फायर ब्रिगेड आणि घरतसाहेब

सत्यनारायणाला आलेला पाहुणा आधी काय करतो? हातपाय धुतो, देवाला नमस्कार करतो आणि प्रसादाला किती वेळ आहे याचा अंदाज घेतो. घरतसाहेब आमच्याकडे पूजेला आले ते सरळ बाल्कनीत गेले आणि तिथून ओरडले, "ताई, ह्या ग्रिलची चावी कुटं हाय?"

चावी कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. गुरुजी पाणी सोडा म्हणत होते आणि आम्ही दोघं ओंजळीत पाणी धरून एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी चावी देवघराच्या खणात, कापराच्या डबीखाली सापडली. घरतसाहेबांनी कुलूप उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि मग कुठे देवासमोर हात जोडले. प्रसाद उभ्याउभ्याच तोंडात टाकला आणि "येतो" म्हणून जिना उतरले. जाताजाता जिन्यातलं आमचं चपलांचं कपाट त्यांनी ढकलून भिंतीला लावलं होतं, ते मला नंतर दिसलं.

मधुकर घरत म्हणजे पनवेलच्या जुन्या फायर ब्रिगेडचे प्रमुख. माझं झेरॉक्सचं दुकान त्या फायर ब्रिगेडच्या बरोबर समोर, मधे एक अरुंद रस्ता. त्यामुळे मला त्यांचा सहवास लाभला वगैरे म्हणण्यापेक्षा त्यांची धावपळ वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर झाली, असं म्हणणं खरं. ते गेले त्याला आता वर्ष होईल. अजूनही दुकानासमोरून कुणी घाईने गेलं की माझी मान आपोआप वर होते.

बेताची उंची, काटक अंग, पांढरी मिशी आणि भुवया मात्र काळ्याभोर. मूळचे करंजाड्याचे. बापाची भातशेती होती, ती जमीन नव्या वसाहतीत गेली. भाऊ बांधकामाच्या धंद्यात शिरले, त्यांच्या गळ्यात साखळ्या आल्या, दारात मोठमोठ्या गाड्या आल्या. हे मात्र खाकी कपडे घालून बंबावर चढले ते चढलेच. भाऊ चिडवायचे, तेव्हा यांचं उत्तर ठरलेलं, "तुमी बांदा, आमी इजवतो."

बसणं हा प्रकार त्यांना जमतच नसे. माझ्या दुकानात यायचे, स्टुलावर टेकायचे, की लगेच पाय हलायला लागायचा. चहा मागवावा तर अर्धा बशीत, अर्धा कपात आणि त्यातला अर्धा तसाच. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, तुमच्यासाठी अर्धाच मागवते यापुढे." तर म्हणाले, "मग त्याच्यातला अर्दा ऱ्हाईल, ताई."

बंब नेहमी उलटा आत घालायचा, तोंड रस्त्याकडे, हा फायर ब्रिगेडचा साधा नियम. घरतसाहेबांनी तो सगळ्या आयुष्यालाच लावला होता. स्कूटर तोंड बाहेर. देवळाबाहेर चपला तोंड बाहेर. लग्नात शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची. मालतीवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी हसतहसत सांगायच्या, "आमच्या लग्नातपन हे बोहल्यावर अशे उबे होते, का माजी आई घाबरली. म्हंगाली, ह्यो नवरा पलून जातोय का काय!"

आता त्या जुन्या फायर ब्रिगेडबद्दल. लोक हल्ली तिचे फोटो मोबाईलवर टाकतात आणि खाली 'आठवणी' असं लिहितात. मी रोज समोर बसायचे, मला आठवणींचं कौतुक सांगू नये. बंब लहान असायचे त्या काळात बांधलेली इमारत. पुढे मोठा बंब आला तेव्हा लक्षात आलं, की टपावरच्या शिडीसकट तो आत मावत नाही. मग काय, बंब आत घालताना शिडी उतरवायची आणि वर्दी आली, म्हणजे कुठे आग लागल्याचं कळलं, की आधी चौघांनी धावत शिडी वर चढवायची. घंटा वाजतेय, लोक ओरडतायत आणि आमचे फायरमन शिडीला दोर बांधतायत, हे दृश्य मी कितीदा बघितलं असेल. त्या वेळी घरतसाहेब नुसते रस्त्यात येरझारा घालत आणि स्वतःशीच म्हणत, "आग काय थांबल्ये तुमच्यासाटी? आग काय थांबल्ये?"

छत गळायचं ते वेगळंच. वरून अधिकारी पाहणीला यायचे, कोरड्या कोपऱ्यात उभे राहायचे, 'दुरुस्ती शक्य आहे' म्हणायचे आणि जायचे. एका पावसाळ्यात घरतसाहेबांनी असल्या एका साहेबांना मोठ्या अगत्याने खुर्ची दिली. साहेब बसले, चहाचा कप हातात घेतला आणि थेंब नेमका कपात. साहेब उठून दुसऱ्या खुर्चीवर गेले. थेंब टकलावर. दुसरी खुर्चीसुद्धा घरतसाहेबांनी विचारपूर्वकच मांडली होती. वर चेहरा असा भाबडा करून म्हणाले, "सायेब, आमाला रोजचं हाय, तुमी च्या घ्या ना." नव्या फायर ब्रिगेडची फाईल त्यानंतर हलली, असं सगळे सांगतात. खरंखोटं देव जाणे.

पण त्या गळक्या इमारतीची एक गोष्ट होती. आमच्या जुन्या पनवेलीतले लोक फायर ब्रिगेडला फोन करत नसत. धावत येत. घरात फोन आला, मग खिशात मोबाईल आला, तरी धावतच येत. बेकरीवाले इस्माईलभाई पिठाच्या हातांनी धावत आले होते, "साहब, भट्टी के पीछे से धुआँ निकल रहा है." एकीच्या सुजलेल्या बोटात अंगठी रुतली, ती रडतरडत इथेच आली. कुणाचं मांजर पत्र्यावर अडकलं, कुणाचा म्हातारा न्हाणीघरात कडी लावून पडला, कुणाच्या विहिरीत बादली पडली, सगळे आपले इकडेच. घरतसाहेब चिडून म्हणायचे, "ही फायर ब्रिगेड हाय का गावकी?" आणि चिडतचिडत पकड घेऊन अंगठी कापायला बसायचे. धावत आलेल्या माणसाला ते एकच विचारायचे, "कुटं?" तो धापा टाकत काय झालं ते सांगायला लागला की त्याला दंडाला धरून बंबावर चढवायचे. "आदी कुटं ते सांग. काय ते वाटंत."

नवी फायर ब्रिगेड मंजूर झाली ती हायवेच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर. इकडची कायमची बंद होणार हे कळलं आणि गावाला एकदम गहिवर आला. हॉलमध्ये नागरिकांची सभा झाली. एकेकाने माईक धरून सांगितलं, की ही वास्तू म्हणजे आपल्या गावाची ओळख आहे, ती जपली पाहिजे. मीही गेले होते. घरतसाहेब मागे दाराशी उभे होते, या पायावरून त्या पायावर. शेवटी राहवेना तसे पुढे आले आणि माईकशिवायच म्हणाले, "ज्याला जपायची आसंल त्यानं घरी न्यावी. माज्याकडनं पत्रा फुकट." हॉलभर हशा पिकला.

तेव्हा एलिझाबाई उठल्या. एलिझाबाई रोहेकर. गावातल्या जुन्या ज्यू कुटुंबातल्या, आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगी इस्रायलला. सगळे नातेवाईक एकेक करून तिकडे गेले, या मात्र "मला तिकडची भाजी आवडत नाही" एवढ्या कारणावर पनवेलीतच राहिल्या. घरतसाहेबांना अरेतुरे करणाऱ्या गावातल्या त्या एकट्या.

"मधुकर," त्या म्हणाल्या, "नवीन बांध, चांगलंच आहे. पण एक छोटी गाडी ठेव ना इथे. लोकांना सवय होईपर्यंत."

घरतसाहेबांनी मान हलवली. "नाय, बाई. एक गाडी ठेवली म्हनजे ती कायमची ऱ्हाते. मग अर्दी मानसं हितं, अर्दी तितं. वरचे म्हन्तील, चाललंय ना, चालू द्या. तितलं काम अर्दवट ऱ्हाईल आन् आमी शिडी बांदत बसू. गेलं तर समदं एकदम जायला पायजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एलिझाबाई खाली बसल्या आणि पर्स मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बघ बाबा. तुला कळतं." वरच्या मंडळींचा एक गाडी ठेवायचा विचार होता, असं मागून कळलं. घरतसाहेबांनी हेलपाटे घालून तो मोडून काढला.

नवी फायर ब्रिगेड सुरू झाली तेव्हा या माणसाने मुंडावळ्या बांधायच्याच काय त्या बाकी होत्या. मला आग्रहाने बोलावून घेतलं. उंचच उंच लाल शटर, बटण दाबलं की आपोआप वर. त्यांनी ते मला वर करून दाखवलं, खाली करून दाखवलं, पुन्हा वर केलं. "बगा ताई, शिडीसकट आत! शिडीसकट!" सरावासाठी मनोरा, पोरांना निजायला कोरड्या खोल्या, एका खोलीत पडद्यावर नकाशे आणि कानाला यंत्र लावून बसलेल्या मुली. ते एकेका भिंतीला हात लावत होते. हायवेवर अपघात झाला तर बंब आता पूर्वीच्या निम्म्या वेळात पोचणार होता आणि लवकरच पोचलाही, दोन माणसं गाडीतून जिवंत काढली. मला आनंद झाला. इतक्या वर्षांत त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पूर्ण कप चहा प्यायला, हे मुद्दाम नोंदवते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. दुपारची वेळ. मी दुकानात कुणाचा तरी दाखला छापत होते. समोरच्या बंद फायर ब्रिगेडच्या दारावर थापा ऐकू आल्या. बघते तर एलिझाबाई. पायात चप्पल नाही, केस सुटलेले आणि दोन्ही तळहातांनी त्या कुलूप लावलेलं दार बडवतायत.

"अगं, उघडत का नाहीत हे? मीटरमधून जाळ येतोय!"

मी धावले. फोन मीच केला. नव्या फायर ब्रिगेडमधून बंब निघाला, त्याने उशीर केला नाही. घरतसाहेब स्वतः पुढच्या सीटवर होते. उशीर झाला होता तो निघण्याआधीच. एलिझाबाई गल्लीतून धावत आल्या, दार बडवत राहिल्या, पलीकडून कुणी येईल म्हणून थांबल्या, तेवढ्या वेळात मीटरचा जाळ दारावर आला आणि दारावरून पुढच्या खोलीत गेला. खोलीतलं काही राहिलं नाही. नवऱ्याचं कपाट होतं, त्याच्या कपड्यांसकट. लग्नाचा फोटो होता.

आग विझल्यावर घरतसाहेब भिजलेल्या कपड्यांनी माझ्या दुकानात आले. एलिझाबाई स्टुलावर बसल्या होत्या, हातात मोबाईल. साहेबांनी त्या मोबाईलकडे बघितलं.

"बाई, फोन हातात व्हता ना?"

"होता रे," त्या म्हणाल्या. "हातात होता. पण पाय इकडे वळले."

'मी सांगितलं होतं ना' हे वाक्य कुणीही म्हटलं असतं. एलिझाबाईंनी ते म्हटलं नाही आणि घरतसाहेबांना तेच झोंबलं असावं. ते जमिनीवर, माझ्या कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी, भिंतीला टेकून बसले. त्यांना असं बसलेलं पाहून मला भडभडून आलं. दोन महिन्यांत मुलीने एलिझाबाईंना तिकडे नेलं. निघताना त्या साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. साहेब मान खाली घालून उभे होते.

मी त्यांची पुष्कळ समजूत घातली. म्हटलं, नवी फायर ब्रिगेड झाली नसती तर हायवेवरची ती दोन माणसं गेली असती. तुमचं काही चुकलं नाही. ते म्हणाले, "नाय चुकलं. मला म्हाईत हाय नाय चुकलं ते. पन एक गाडी ठिवली आसती तर काय झालं आसतं?" हा प्रश्न ते मला नंतर कितीतरी वेळा विचारत राहिले.

बंद दारावर मग मोठी पाटी लागली, 'अग्निशमन केंद्राचे स्थलांतर झाले आहे' आणि खाली नंबर. साहेब ती बघून भडकले. "आग लागलेला मानूस पाटी वाचतो का? हात जोडून उबा ऱ्हातो का, वाक्य पुरं व्हयपरेंत?"

त्यानंतर ते निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. लोकांचे पाय फिरवायचे. आमच्या गल्लीत गणपतीची आरती संपली की साहेब माईक हिसकावून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता नंबर." सगळ्या मंडळाने हात जोडलेल्या अवस्थेत 'एक शून्य एक' म्हणायचं, त्याशिवाय प्रसाद नाही. शाळेत प्रार्थनेनंतर गेले. शुक्रवारी नमाज सुटताना मशिदीबाहेर उभे राहिले. इस्माईलभाई हसून म्हणाले, "साहब, अब तो नींद में भी याद है." महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना वाण द्यायच्या आधी त्यांनी एकेकीला मोबाईल काढून नंबर लावून दाखवायला सांगितला. त्या दिवशी नव्या फायर ब्रिगेडमधल्या मुलींनी फोन घेऊनघेऊन हात टेकले आणि साहेबांना वरून चांगलीच तंबी मिळाली. लोक थट्टा करायचे. मीही केली. त्यांना थट्टेचं काही नव्हतं.

आणि उरलेला वेळ ते जुन्या फायर ब्रिगेडसमोर. इमारत पाडायला सुरुवात झाली, भोवती निळे पत्रे उभे राहिले, पत्र्याला लागून साहेब. मी खुर्ची दिली होती. तिच्यावर रुमाल ठेवलेला असे आणि साहेब शेजारी उभे. ज्या इमारतीला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्या दाराशी आता पहारा. मालतीवहिनी डबा पाठवत, म्हणत, "घरी नाय ऱ्हात. मी काय करू?" मी विचारलं, "साहेब, किती दिवस असं?" तर म्हणाले, "कोन यील त्याला कोनतरी दिसाय पायजे."

आणि लोक येत होते, हे कबूल केलं पाहिजे. एक म्हातारे गृहस्थ आले, सुनेच्या साडीने पेट घेतला म्हणून. साहेबांनी फोन लावला आणि त्यांच्याबरोबर पळत गेले. एकजण नुसताच सवयीने आला, येऊन पत्रे बघून ओशाळला आणि साहेबांशी गप्पा मारून गेला. हळूहळू येणं कमी झालं. आठवडेच्या आठवडे कुणी आलं नाही, की साहेबांची चलबिचल अजूनच वाढे. लोक फोन करायला शिकले म्हणून कुणी येत नाही, की कुणाला मदत पोचलीच नाही म्हणून शांत आहे, हे त्यांना कळत नसे. मलाही कळत नसे. दिवसभर समोर बघून मलासुद्धा बसवेनासं झालं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भर दुपारी. कोपऱ्यावरच्या गादीकारखान्यातून काळा धूर निघाला. कापूस तो, पेटायला काय वेळ. साहेबांनी माझ्याआधी पाहिलं. फोन कानाला लावला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पलीकडून कुणीतरी बोललं असावं, कारण ते नुसतेच ऐकत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाडी निगाली म्हंते ती पोरगी. म्हंते, काका, मगाशीच निगाली, लय फोन आले."

ते क्षणभर मोबाईलकडे बघत राहिले आणि मग कोपऱ्याकडे धावले. त्या वयात, चपला हातात घेऊन. मीही शटर अर्धं ओढून मागोमाग गेले. गादीवाला बाहेर होता, त्याची माणसं बाहेर होती. सगळा रस्ता बघ्यांनी भरला होता. हायवेच्या बाजूने बंब आला, शिडीसकट, आणि वरून नवी पोरं उतरली. यांना ओळखणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. एकाने दोर बांधत सगळ्यांना मागे रेटलं आणि साहेबांच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, तुम्ही मागे व्हा. काम करू द्या."

मला वाटलं, आता हा माणूस त्या पोराचं काही ऐकत नाही. मी पुढेही झाले, सांगायला, की अरे बाबा, हे कोण आहेत माहीत आहे का. साहेबांनी मला हाताने थांबवलं. ते दोन पावलं मागे सरकले. मग वळले, दोन्ही हात पसरले आणि आमच्यावर ओरडले, "ऐकू नाय का येत? मागं व्हा! त्यांना काम करू द्या!"

मी मागे झाले. सगळेच झाले. पाण्याचा आवाज सुरू झाला, धूर पांढरा व्हायला लागला, पोरं आत शिरली. घरतसाहेब मात्र दोराला पाठ लावून, हात पसरून, आम्हाला थोपवत उभे होते. मागे काय चाललंय हे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.